शेवाळापासून दोन विती

९ नोव्हेंबर

मामा,

आई गेली. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढची दोन पानं तुम्ही तिची खुशाली शोधत बसाल.

सहा तारखेला, पौर्णिमेच्या उधाणाला, सकाळी अकराला दहा कमी असताना खालच्या वस्तीचा बांध फुटला. फुटला म्हणजे भोक पडलं असं नाही. साठ-सत्तर पावलांचा तुकडा उभाच्या उभा आत ढकलला गेला आणि त्याच्या मागोमाग समुद्र आला. बांधाच्या विटा पाण्याबरोबर गल्लीत घुसल्या. लोक बुडून मेले असं सगळे म्हणतात, पण मी प्रेतं पाहिली आहेत. निम्मे ठेचून मेलेत. शिंप्याच्या दुकानासमोरची बस आडवी झाली आणि तीन घरांतून आरपार गेली. एकशे चौदा सापडले, बाकीचे शोधतायत.

आई आपल्याच जिन्याखाली सापडली. पायात चपला, खांद्याला पिशवी, पिशवीत औषधं आणि चष्मा. म्हणजे निघायच्या तयारीत बसली होती. शेजारीण तिला म्हणाली, गटारातून पाणी वर येतंय, चला. आई म्हणाली, "माझी पोर भोंग्यावर आहे. भोंगा झाला की निघू." शेजारीण गेली, वाचली. तिनेच हे मला सांगितलं, आणि सांगून माझ्या तोंडावर थुंकली.

भोंगा मी अकरा वाजून दहा मिनिटांनी दिला. बांध फुटल्यानंतर वीस मिनिटांनी. मामा, मी झोपले नव्हते. खिडकीत उभी राहून जेट्टीच्या भिंतीवरच्या तुमच्या लाल रेघेकडे बघत होते. पाणी रेघेला लागलं की भोंगा, हा नियम तुम्हीच मला शिकवलात. बांध फुटला तेव्हा पाणी रेघेखाली चार बोटं होतं. भोंगाघरातून खालची वस्ती दिसत नाही, मधे गोदाम आहे. रेघेला पाणी लागलं त्या क्षणी मी दांडा ओढला.

दुसऱ्या दिवशी लोक आले. केसांना धरून मला जिन्यावरून खाली ओढलं. पुढचे दोन दात गेले. जिला मी रोज काकू म्हणते तिने माझं तोंड जेट्टीच्या भिंतीवर घासलं. शेवटी वकिलाने सोडवलं. वकील म्हणजे आपला तोच, माझ्या आधीच्या पाळीचा, दर वाक्याला "मुद्दा असा आहे" म्हणतो म्हणून हे नाव पडलेला. तो माझ्यावर आडवा पडला, पाठीत सात-आठ लाथा खाल्ल्या आणि तशातही खालून ओरडत होता, "मुद्दा असा आहे, की चौकशी होऊ द्या!" त्या अवस्थेतही मला हसू आलं.

तेरा तारखेला परत येतो म्हणालेत. तोवर भोंगा उशिरा का झाला ते सांगायचं, नाहीतर मला बांधाच्या भगदाडात टाकतील. हे बोलण्यापुरतं नाही, मी त्यांचे डोळे पाहिले आहेत.

वीस वर्षं ती रेघ तुम्ही आखलीत. काय चुकलं असेल ते लिहा. टॉवर पडलाय, आणि उभा असता तरी तुम्हाला फोनवर कुठे ऐकू येतं! विहिरी खाऱ्या झाल्यात म्हणून तुमच्याकडून एक दिवसाआड गोड्या पाण्याचा टँकर येतो. ड्रायव्हर पत्र नेईल.

तुमची भाची


१० नोव्हेंबर

पोरी,

एरवी तुला भोंगाबाई म्हणून चिडवतो, आज तो शब्द लिहायला हात उठत नाही.

ताई गेली तेव्हा मी इथे डोंगरावर सुनेच्या हातचा चहा पीत बसलो असणार. सून म्हणते, रडून घ्या. रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते कळेना म्हणून कप भिंतीवर फेकला. त्याच भिंतीवर नातवाने काढलेला हत्ती होता, त्याच्या सोंडेवरून चहा ओघळला. मला माझ्या ताईने कडेवर वाढवलं. शाळेत कुणी मारलं की मी आईकडे जात नसे, तिच्याकडे जात असे, आणि ती जाऊन त्या पोराला बडवून यायची.

आता कामाचं. रेघेत खोट असण्याचा प्रश्नच येत नाही. दरवर्षी भिंतीला पांढरा चुना मारून, नव्याने मोजून, श्वास रोखून मी ती आखली. हे कुणालाही माझं नाव घेऊन सांग.

मग खोट कुठे? दहाला पाळी कुणाची संपते? वकिलाची. त्याला मी पहिल्यापासून ओळखतो. गार वारा सुटला की पायऱ्या उतरून बघायचा कंटाळा, खुर्चीतूनच अंदाजाने नोंद लिहायची. पाणी एका तासात एवढं चढत नाही. आधीपासून चढत असणार आणि सांगणाऱ्याने तुला सांगितलं नसणार. मला असं वाटतं. वाटतं कसलं, खात्री आहे.

कुणी हात उचलला तर हे पत्र पुढे कर. ज्याने रेघ आखली त्याचा शब्द आहे म्हणावं. जखमा मिठाच्या पाण्यापासून जप.

मामा


१३ नोव्हेंबर

मामा,

वकील मेला. मी मारला. हात दुसऱ्यांचे होते.

सकाळी दहा वाजून गेल्यावर चाळीस-पन्नास जण आले. पुढे गोदामाचा मुकादम, त्याच्या दोन्ही मुली गेल्या आहेत. हातात सळई. मी काही बोलायच्या आत त्याने ती खिडकीतून आत घातली, काच माझ्या अंगावर आली. मी तुमचं पत्र पुढे केलं. त्याने ते घेतलं आणि मोठ्याने, एकेक शब्द लावून वाचलं. "ज्याने रेघ आखली त्याचा शब्द आहे" हे दोनदा वाचलं. तुम्हाला सगळे ओळखतात. वीस वर्षं दोरीला लटकून भिंत रंगवणारा माणूस खोटं कशाला बोलेल?

मुकादमाने मला विचारलं, "वकिलाने तुला पाणी चढतंय असं सांगितलं होतं का?"

मी म्हणाले, "नाही."

वकील तेव्हाच जिना चढून वर आला. पाळी संपवून तो माझ्यासाठी चहा आणायचा, तसा दोन पेले घेऊन. गर्दी बघून थांबला. म्हणाला, "मुद्दा असा आहे..." पुढचं मुकादमाने बोलू दिलं नाही. सळई त्याच्या तोंडावर बसली. जबडा एका बाजूला सरकला तरी तो बोलायचा प्रयत्न करत होता. त्याला पायांना धरून जिन्यावरून नेलं, प्रत्येक पायरीवर डोकं आपटत होतं. भगदाडाजवळ विटा हव्या तेवढ्या पडल्या होत्या. जिची सून गेली तिने मारली, ज्याचं घर गेलं त्याने मारली, ज्याचं काहीच गेलं नव्हतं त्यानेही मारली. त्याची बायको कपडे धुता धुता धावत आली. तिला दोघांनी धरून ठेवलं, पण साबणाच्या हातांवर पकड बसेना. ती निसटायची, पुन्हा धरायचे. ती पोचली तेव्हा त्याला ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने त्याला त्याच्या पट्ट्यावरून ओळखलं.

मी जिन्यात उभी होते. खोटं लिहीत नाही, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं.

दुपारी नोंदवही उघडली. सहा तारीख, दहा वाजता, वकिलाचं अक्षर: "पाणी रेघेखाली अकरा बोटं. नेहमीच्या उधाणापेक्षा जास्त. बांधाकडे माणूस पाठवावा." बरोबर लिहिलं होतं. आणि मामा, त्याने ते मला तोंडानेही सांगितलं होतं. मी म्हणाले होते, रेघेला लागू दे, मग बघू. हे मी विसरले नव्हते. मुकादमाने विचारलं तेव्हा मला लख्ख आठवत होतं.

आता मला कुणी हात लावत नाही. टँकरच्या रांगेत पुढे जायला वाट देतात.

भाची


१४ नोव्हेंबर

पोरी,

तू घाबरली होतीस. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून काहीही निघतं. स्वतःला खाऊ नकोस.

मला कालपासून जेवण जात नाही. ते जाऊ दे. हे नीट वाच. एकवीसला अमावास्या आहे, पुन्हा उधाण येईल. रेघेची वाट बघू नकोस. पाणी रेघेखाली तीन विती असतानाच भोंगा दे. का ते विचारू नकोस. म्हातारा माणूस आहे, मनात आलं ते लिहिलं.

त्याहून बरं म्हणजे काम सोड आणि टँकरमध्ये बसून वर ये. सुनेने मागची खोली रिकामी केली आहे. वकिलाच्या बायकोला काही हवं असलं तर ड्रायव्हरपाशी निरोप दे, मी बघतो.

हे पत्र फाडून टाक.

मामा


१७ नोव्हेंबर

मामा,

तीनच विती का? दोन का नाहीत, चार का नाहीत? मनात येणारा आकडा इतका मोजून मापून येतो का?

पत्र फाडलं नाही. पंधराला मिळालं, आणि सोळाला ओहोटी लागल्यावर पत्र्याचा तुकडा घेऊन मी तुमच्याच दोरीने जेट्टीच्या भिंतीवर उतरले. रेघेखालचा चुना खरवडला. दोन बोटांखाली दुसरी लाल रेघ निघाली. तिच्याखाली तिसरी. मी खरवडत गेले. हाताची सालं निघाली, चुना डोळ्यांत गेला, तरी थांबले नाही. आजची धरून एकोणीस रेघा आहेत, मामा. सगळ्यांत खालची आजच्या रेघेपासून बरोबर तीन विती खाली. ती शेवाळात बुडाली आहे. साध्या भरतीलाही पाणी तिच्यावर एक वीतभर असतं.

दरवर्षी तुम्ही रेघ वर नेलीत. वर नेलीत आणि खालची चुन्याने झाकलीत.

परवा टँकरपाशी एकाने मुकादमाला "खुनी" म्हटलं. मुकादमाने त्याचा हात नळाच्या दांड्यात घालून मोडला. लाकूड मोडल्यासारखा आवाज आला आणि रांग तरीही पुढे सरकली. वकिलाची बायको रांगेत नव्हती. तिला कुणी पाणी देत नाही. मी तिच्या दाराशी एक हंडा ठेवून आले, तिने तो माझ्या मागे फेकला. बरोबर केलं.

मला उत्तर हवंय. आईला कुणी मारलं? अमावास्येला चार दिवस उरले आहेत.

भाची


१८ नोव्हेंबर

पोरी,

मी मारलं.

आता सगळं लिहितो, मधे थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही. भिंतीच्या पायाशी एक पितळी खिळा होता. खिळ्यापासून सात विती वर रेघ आखायची, हा नियम. पहिली दोन वर्षं मी तशीच आखली, एकाच जागी. तिसऱ्या वर्षी खिळा ओहोटीलाही पाण्याबाहेर येईना. मला काम शिकवणारे म्हणायचे, खिळा नसला तर शेवाळ बघ, रोजची भरती जिथवर येते तिथवर शेवाळ चढतं, त्याच्या कडेपासून दोन विती वर मोज, माप तेच येतं. आणि तेव्हा ते खरंच तेच यायचं. मी शेवाळापासून दोन विती मोजल्या. नवी रेघ जुन्या रेघेच्या दोन बोटं वर आली.

मला वाटलं, भिंत खचली. पाण्यातल्या भिंती खचतातच. भिंत दोन बोटं खाली गेली म्हणून रेघ दोन बोटं वर घ्यायची, यात काय चुकलं? पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मी दरवर्षी खचलेल्या भिंतीची चूक सुधारत होतो, पोरी. मला त्याचा अभिमान होता. आणखी कुणी हे ध्यानात घेत नाही, मी घेतो, असं मी ताईला सांगायचो. समुद्रच वर येतोय हे माझ्या डोक्यातही आलं नाही. गाव बांधावर दरवर्षी विटांचा एक थर चढवत होतं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, लाटा जोराच्या आहेत हल्ली.

इथवर चूक आहे. पुढचं चूक नाही. गेल्या वर्षी, निवृत्तीच्या आठवड्यात, रेघ आखून मी वर आलो आणि सहज भिंतीच्या माथ्यावर डोळा टेकवून गोदामाच्या उंबरठ्याकडे बघितलं. दोन्ही एका रेषेत होते. पहिल्या वर्षी होते तसेच. भिंत केसभरही खचली नव्हती. मी पायरीवर बसलो. मग ब्रश धुतला, डबा बंद केला आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी माझा निरोप समारंभ होता. भाषणात म्हणाले, यांच्या रेघेवर गाव झोपतं.

सांगितलं असतं तर वीस वर्षं काय केलंस म्हणाले असते. एवढ्यासाठी मी ताईला त्या घरात राहू दिलं. आणि वकील. त्याच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. तो खाली उतरत नाही हे मी रचलं.

हे पत्र सगळ्यांसमोर वाच. भोंगा सगळ्यांत खालच्या रेघेवर दे. इथे पोलीस पाठवायचे असतील तर पाठव, मी घरीच आहे.

मामा


२३ नोव्हेंबर

मामा,

उजवं मनगट मोडलंय, डाव्या हाताने लिहितेय. अक्षर लावून घ्या.

एकोणीसला तुमचं पत्र आलं. वाचलं नाही कुणासमोर, माझी छाती झाली नाही. वीसला सगळ्यांत खालच्या रेघेवर भोंगा दिला. लोक एकमेकांना तुडवत पळाले, एका म्हाताऱ्याच्या बरगड्या मोडल्या, आणि झालं काहीच नाही. एकवीसला मी सकाळी सातपासून वाजवत होते. लोक शिव्या देत, दगड मारत, तरी निघाले. साडेदहाला पाणी भगदाडातून आत कोसळलं. शिंप्याची गल्ली पुन्हा गेली. भोंगाघराच्या गच्चीवरून मी मुकादमाचं उरलंसुरलं घर पडताना बघितलं. माणूस एकही मेला नाही.

बावीसला भरतीला कालचा जोर नव्हता. पाणी पुन्हा त्या रेघेवर आलं. मी पुन्हा वाजवला.

या वेळी ते घण घेऊन आले. मुकादम म्हणाला, "काल वाचवलंस म्हणून काय झालं? आज उधाण कुठे आहे?" मी म्हणाले, रोज वाजणार. रोज दोनदा. त्यांनी भोंग्याच्या कर्ण्यावर घण घातले, तो चेपला तरी वाजत होता. मग यंत्रावर घातले. मी मधे हात घातला, तेव्हा मनगट गेलं. भोंगा बंद पडला आणि एकदम इतकी शांतता झाली की मला बोलावंच लागलं.

तुमचं पत्र वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मग माझं सांगितलं. वकिलाने मला दहाला सांगितलं होतं, आणि मी मुकादमाला नाही म्हणाले. मुकादमाच्या हातातून घण खाली पडला, त्याच्याच पायावर. तो ओरडलासुद्धा नाही. काही जणांनी ओहोटीला दोरीने उतरून एकोणीसच्या एकोणीस रेघा मोजल्या.

वकिलाची बायको गर्दीतून पुढे आली. तिला कुणी अडवलं नाही. तिने मला मारलं. हातांनी, मग पायातल्या चपलेने, मग पुन्हा हातांनी. मी पडले तर उठवून मारलं. मला वाटलं, मरेन, आणि वाईट वाटलं नाही. ती दमली. माझ्याशेजारी जमिनीवर बसली, धापा टाकत. मग विचारलं, "माझं घर त्या खालच्या रेघेच्या वर आहे का खाली?"

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नाही. रेघ भिंतीवर आहे आणि घरं गावात. मग मागून दुसऱ्याने विचारलं, माझं? मग सगळेच विचारायला लागले. काकू, शिंपी, मुकादमसुद्धा, ज्याचं घरच उरलं नाही. कुठवर गाव पाण्याखाली धरायचं आणि कुठून वर सामान हलवायचं, एवढं कळलं तर माणसं निघतील. न कळता कुणी हलणार नाही, आणि आता भोंगाही नाही.

गवंडी वापरतात ती पाणी भरलेली लांब नळी, एका टोकाची पातळी दुसऱ्या टोकाला दाखवणारी, तुमच्याकडे आहे. ती धरता येणारा इथे दुसरा कुणी नाही. त्या रेघेची पातळी दारोदार न्यायची आणि प्रत्येक भिंतीवर लाल खूण करायची. दोनशे चाळीस दारं आहेत. पुढची पौर्णिमा पाच डिसेंबरला.

पंचवीसच्या टँकरने या. नळी आणा, रंग आणा. ड्रायव्हर तुम्हाला जेट्टीपाशी उतरवेल. लोक तिथे उभे असतील, मी त्यांना वेळ सांगितली आहे. ते मारतील. मी मधे पडणार नाही, आणि वकीलही नाही आता. मेलात तर आईशेजारी जागा आहे. उठता आलं तर उठा आणि कामाला लागा. पहिलं दार वकिलाचं. त्याची बायको नळीचं दुसरं टोक धरायला तयार आहे.

भाची